अवघड घाट हवाय? मग आधी उताराबद्दल बोलू

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही पुण्यात राहता, परवाना चार वर्षांचा आहे, नवी टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक एसयूव्ही घेतली आहे. आतापर्यंतची बरीचशी गाडी द्रुतगती मार्गावर आणि हिंजवडीच्या गर्दीत चालवली. डिसेंबरात चार दिवस सुट्टी आहे, चार मित्र सोबत आहेत. महाराष्ट्रातले सर्वांत थरारक आणि अवघड घाट कुठले ते हवंय. शिवाय रस्ता मोकळा मिळतो म्हणून महाड-भोरचा वरंध घाट रात्री केला तर चालेल का, हेही विचारलंय.

यादी देतोच, पण खाली. कारण तुम्ही 'कुठला घाट' असं विचारलंय आणि तुमची खरी अडचण 'कुठल्या बाजूने' ही आहे. मी सातारा-वाई भागात एकोणीस वर्षं, परवाना आधीच असलेल्या माणसांना घाटात गाडी चालवायला शिकवतोय. त्याआधी कराड-चिपळूण मालवाहू टेम्पोवर होतो. एवढ्या वर्षांत घाट चढताना अडकलेले शिकाऊ खूप पाहिले. गाडी बंद पडते, मागे सरकते, मागचा हॉर्न वाजवतो, घाम फुटतो, संपलं. घाबरवणारे सगळे प्रसंग उतारावरचे. चढाला चूक झाली की गाडी थांबते आणि उताराला चूक झाली की गाडी थांबत नाही, एवढा साधा हिशेब आहे. म्हणून कुठलाही घाट किती अवघड हे मी तो उतरताना कसा लागतो त्यावरून ठरवतो. तोच घाट चढून आलेला माणूस 'काही विशेष नाही हो' म्हणतो, तेव्हा मी गप्प बसतो.

हिशेब आकड्यांत सांगतो, म्हणजे पटेल. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे आणि आंबेनळी घाटाने खाली पोलादपूरला पोचलात की जवळजवळ कोकणपट्टीच्या पातळीला येता. म्हणजे सुमारे १,३०० मीटर खाली. तुमची गाडी, पाच माणसं आणि बॅगा मिळून १,६०० किलो धरू. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यात साधारण ६५ लिटर गार पाणी उकळेल. लग्नघरातले चार-पाच हंडे समजा. ही उष्णता तीन ठिकाणी जाऊ शकते: थोडी हवेत आणि टायरमध्ये, बरीच इंजिनात, आणि उरलेली ब्रेकमध्ये. इंजिनाचा वाटा तुम्ही घेतला नाहीत, म्हणजे वरच्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये उतरलात, की ते हंडे ब्रेकच्या डिस्कांवर तापवायला ठेवल्यासारखं होतं. आणि जितक्या लवकर खाली जाल तितका ब्रेकना गार व्हायला वेळ कमी.

ब्रेक तापले की दोन गोष्टी होतात. पहिली, ब्रेक पॅडची पकड कमी होते. पेडल घट्टच लागतं, तुम्ही जोर लावता, पण गाडी हवी तशी थांबत नाही. तेव्हा जळका, कडवट वास येतो. दुसरी जास्त वाईट. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारचं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ खाली जातं. आपण ज्याला 'ब्रेक फेल झाला' म्हणतो, त्यातल्या पुष्कळ वेळा काहीही तुटलेलं नसतं. अर्ध्या तासाने गाडी गार झाली की ब्रेक पुन्हा लागतो आणि मेकॅनिक म्हणतो, 'गाडी तर ठीक आहे.'

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बावीस वर्षांचा असताना कराडहून गुळाच्या ढेपा भरून चिपळूणला निघालो होतो. मालक डिझेलचा काटेकोर हिशेब ठेवायचा, त्यामुळे उताराला न्यूट्रल मारायची आम्हा सगळ्यांना सवय. कुंभार्ली घाटाच्या मध्यावर वास यायला लागला. मी तो पुढच्या ट्रकचा समजलो. दोन वळणं पुढे पेडल मऊ झालं, तिसऱ्याला पाटीपर्यंत गेलं. तिसऱ्या गिअरमध्ये कसाबसा गेलो, मग दुसऱ्यात, हँडब्रेक एकेक दात ओढत राहिलो आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घालून गाडी घासत उभी केली. डावा आरसा, दिवा आणि पत्रा गेला. गूळ शाबूत. मालकाने पत्र्याचे पैसे पगारातून कापले. त्या दिवसापासून उताराला न्यूट्रल या विषयावर माझ्याशी वाद घालून उपयोग नाही. इंजिन बंद करून उतरणारे तर अजून पुढचे. इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, पेडल दगडासारखं होतं आणि स्टिअरिंगही जड होतं.

आता तुमच्या गाडीबद्दल. गिअरबॉक्सचा प्रकार तुम्ही लिहिला नाहीत आणि इथे बरंच त्यावर अवलंबून आहे. जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. जुन्या गाड्यांना ते बरोबर होतं. आजच्या टर्बो गाड्या तिसऱ्यात आरामात चढतात, पण तिसऱ्यात उतरताना इंजिन त्यांना पुरेसं धरून ठेवत नाही. त्यामुळे मी एक गिअर खाली सांगतो: बहुतेक घाटांत दुसरा, अगदी तीव्र उताराला पहिला. एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे गिअर यंत्राने बदलणारी गाडी, असेल तर मॅन्युअल मोडमध्ये टाका. नाहीतर ती बिचारी पेट्रोल वाचवायला स्वतःहून वरचा गिअर घेते. सीव्हीटी, म्हणजे गिअरचे टप्पेच नसलेली ऑटोमॅटिक, असेल तर दांड्यावरचा 'एल' किंवा 'एस' वापरा. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक, असेल तर उताराची काळजी कमी, चढावरच्या गर्दीची जास्त. रांगेत इंच-इंच सरकताना तिचा क्लच तापतो आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. अशा वेळी अर्धी गाडी जागा होईपर्यंत ब्रेकवर थांबा, मग एकदम पुढे जा. आणि चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, मग ती एएमटी असो की ड्युअल क्लच. त्यासाठी ब्रेक आहे. वाचणाऱ्यांत कुणाची इलेक्ट्रिक गाडी असेल तर एक सांगतो: महाबळेश्वरला मुक्कामी १०० टक्के चार्ज करून सकाळी आंबेनळी उतरू नका. बॅटरी भरलेली असली की रिजनरेशनला, म्हणजे उतारावर मोटरने वीज परत बॅटरीत भरायला, जागाच नसते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. ऐंशी टक्क्यांवर प्लग काढा, उतारातून मिळणारी वीज मावायला जागा राहील.

इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये ओरडतं म्हणून लोक घाबरतात. ओरडू दे. आरपीएमचा काटा लाल पट्ट्याच्या खाली आहे तोवर त्याला काहीही होत नाही, आणि उताराला ॲक्सिलरेटर सोडलेला असताना आजकालच्या गाड्यांत इंधन जवळजवळ जातच नाही. म्हणजे न्यूट्रलची बचत ही मुळात खोटी बचत आहे. ब्रेक लावायचा तो वळणाआधी, सरळ रेषेत, नीट दाबून, आणि वेग उतरला की पूर्ण सोडून द्यायचा. पाय हलकेच ठेवून तरंगत उतरणं सगळ्यांत वाईट, कारण पॅडना श्वास घ्यायला सवडच मिळत नाही. वास आलाच तर रुंद जागा बघून थांबा, पंधरा-वीस मिनिटं द्या. गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, आणि मागच्या चाकांचे ब्रेक तापलेले असतील तर हँडब्रेक कचकचून ओढून ठेवू नका. तापल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी तर मुळीच ओतू नका.

शिकाऊ मुलांना मी एक खेळ लावतो. घाट उतरताना शेजारी बसलेल्याने ब्रेकचे दाब मोजायचे. पसरणी घाटात पहिल्या फेरीला बहुतेकांचे चाळीसच्या पुढे जातात आणि काहींचे मोजताच येत नाहीत, कारण पाय उचललेलाच नसतो. तिसऱ्या फेरीला पंधरा-वीसवर येतात. आणि दुसरं मोजमाप म्हणजे ज्याला गाडी लागते असा एक मित्र मागच्या सीटवर बसवा. त्याने लिमलेटची गोळी मागितली की समजा, तुमचं स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही धसमुसळे आहेत. माझ्या मते उत्तम घाट चालवण्याचं यापेक्षा विश्वासू यंत्र नाही. वेगाचा काटा तर अजिबातच नाही.

वेगावरून आठवलं. घाटात किती वेग ठेवावा, असा सरसकट आकडा मी सांगत नाही. जेवढा रस्ता दिसतो त्याच्या निम्म्यात थांबता आलं पाहिजे, एवढंच सांगतो. निम्म्यात का, तर उरलेला निम्मा समोरच्याचा आहे आणि तोही तुमच्यासारखाच मधोमध येत असणार. कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरला, दचकून पाय हलवण्यात दीड सेकंद गेला असं धरलं, तर थांबायला २५-२६ मीटर लागतात. ६० ला साधारण ४५. ओल्या रस्त्यावर ६० ला हेच साठच्या घरात जातं, आणि उताराला त्याहून जास्त. आंधळ्या वळणावर कितीदा तीस मीटरसुद्धा दिसत नाहीत. आता तुम्हीच ठरवा. व्हिडिओत जे टायर वाजवत वळणं कापतात, त्यांच्या नशिबात त्या दिवशी समोरून बैलगाडी नव्हती, एवढंच त्यात कौशल्य असतं. ज्याला खरोखर गाडीची शेवटची मर्यादा शोधायची आहे त्याने बंद ट्रॅकवर पैसे भरून शोधावी. घाटात गावं आहेत, शाळेतून पायी येणारी पोरं आहेत.

हेअरपिनचं, म्हणजे जिथे रस्ता जवळजवळ उलटा फिरतो त्या वळणाचं, थोडं सांगतो, कारण तुमच्या द्रुतगती मार्गावर ते भेटलेलं नाही. आपण डावीकडून चालतो, म्हणून डावीकडचं हेअरपिन आपल्याला आतून, आखूड आणि जास्त तीव्र पडतं. चढताना आतल्या बाजूला एवढा खडा चढ असतो की पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीचं आतलं चाक हलकं होऊन जागेवर फिरतं. म्हणून आपल्या लेनमध्ये जेवढं बाहेरून येता येईल तेवढं या, उशिरा वळा आणि नजर बॉनेटवर न ठेवता बाजूच्या काचेतून वरच्या रस्त्यावर ठेवा. हेअरपिनची खूण अशी की पुढचा रस्ता तुमच्या खांद्याच्या मागे, वर दिसत असतो. वळण्याआधीच तिकडे बघून घ्या. वरून लाल-पिवळं काही हलताना दिसलं की वळणाच्या अलीकडे थांबा. एसटीला हेअरपिनला अख्खा रस्ता लागतो. तिचा ड्रायव्हर उर्मट नसतो, गाडीच एवढी लांब असते. तुम्ही वळणात घुसलात की दोघंही अडकता, आणि मागे घ्यायची पाळी तुमच्यावर येते. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे नियमांतही आहे आणि रीतही आहे. थांबलेली चढाची गाडी, विशेषतः भरलेला ट्रक, पुन्हा उचलायला किती त्रास होतो हे एकदा अनुभवलं की माणूस आपोआप सौजन्याने वागतो.

मग काही खुणा ज्या कुठल्याही पाटीवर नसतात. रस्त्यावर झाडाच्या फांद्या टाकलेल्या दिसल्या तर पुढच्या वळणाला गाडी बंद पडलेली आहे. वेग लगेच कमी करा. रस्त्याच्या मधोमध डोक्याएवढा दगड दिसला तर तो दरवेळी डोंगरातून पडलेला नसतो. ट्रक बंद पडतो, क्लीनर चाकामागे दगड लावतो, ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो आणि दगड तिथेच राहतो. रात्री अशा दगडाने मी दोन टायर घालवले आहेत. वळणाच्या बाहेरच्या बाजूला काळपट चकाकी असेल तर भरल्या टाकीतून सांडलेलं डिझेल. कोकणाच्या बाजूला वळणावर तांबडी माती पसरलेली असते, ती ओली झाली की साबण. कठडा ताजा तुटलेला आणि तिथे पिवळी फीत बांधलेली असेल तर साइडपट्टीवर चाक घालू नका, खालची माती गेलेली असू शकते. डिसेंबरात कराड-पाटण आणि कोल्हापूर भागात घाटाच्या अलीकडे उसाचे ट्रॅक्टर असतात. दोन ट्रॉल्या आणि मागे एकही दिवा नाही. माकडं घाटमाथ्यावर जिथे लोक थांबून वेफर्स टाकतात तिथेच असतात. त्यांनी तुमच्या मागे लागू नये असं वाटत असेल तर खाऊ टाकू नका.

आता रस्ते. एक गोष्ट लक्षात ठेवलीत तर सह्याद्रीतला कुठलाही घाट वाचता येईल. जुने घाट बैलगाड्यांच्या काळात आखले गेले. मुंबई-पुण्याचा बोर घाट गाडीरस्ता म्हणून १८३० मध्ये खुला झाला, तेव्हा कुठलं इंजिन होतं? बैलाला झेपेल असा मंद चढ ठेवायचा तर रस्ता लांबवावा लागतो, म्हणून वळणं जास्त पण उतार सौम्य. आजही डोंगराळ रस्ते आखताना सर्वसाधारणपणे वीस मीटरला एक मीटर चढ धरतात. पण धरण किंवा वीज प्रकल्पासाठी काढलेले रस्ते वेगळे. तिथे काम उरकायचं असतं, म्हणून ते थेट खाली कोसळतात. तिलारी घाट त्यातला. चंदगडकडून दोडामार्गकडे उतरताना नकाशा तो गोव्याचा जवळचा रस्ता म्हणून दाखवतो आणि बाहेरगावचे ड्रायव्हर काही कल्पना नसताना त्यात शिरतात. अंतर कमी आहे, पण तीव्र उतार आणि लगोलग वळणं. माझ्या हिशेबाने आपल्याकडचा सर्वांत अवघड डांबरी उतार तोच. तुमच्या यादीत तो शेवटी येईल, आणि या फेरीत येणारच नाही.

सुरुवात पसरणीने करा. वाई ते पाचगणी. रस्ता रुंद, उतार सभ्य, वळणं वाचता येण्याजोगी, खाली धोम धरणाचं पाणी. पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव. घाट चढून पाचगणीत चहा घेऊन लगेच परत उतरा आणि पुन्हा चढा. लोकांना हे वेडेपणाचं वाटतं, पण शिकायला एक घाट तीनदा केलेला बरा, तीन घाट एकेकदा करण्यापेक्षा. वेळ मात्र सकाळी सातच्या आतली हवी. नऊनंतर पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता भरतो. पुण्याहून येताना खंबाटकीत सराव करू असं मनात असेल तर तो विचार सोडा. तिथे घाट फक्त साताऱ्याकडे जायला आहे, परतीची वाहतूक बोगद्यातून येते, त्यामुळे तोच घाट परत उतरायला मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी आंबेनळी. तुम्ही 'सर्वांत थरारक' विचारलंत म्हणून सांगतो, माझा सगळ्यांत आवडता हाच. महाबळेश्वरहून वाडा कुंभरोशीपर्यंत प्रतापगडाच्या गाड्या असतात. तिथून गडाचा फाटा गेला की रस्ता एकदम रिकामा होतो, आणि खरा घाट तिथून. कधी गर्द झाडी, कधी एका बाजूला सरळ कडा, कधी एकाच वळणात उन्हातून काळोखात. डोळ्यांना सावरायला क्षण लागतो, तेवढ्यासाठी गॉगल काढून ठेवा. १६५९ साली महाराजांनी अफझलखानाला वाईच्या मोकळ्या मैदानातून इथे यायला का भाग पाडलं, ते या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा तास घालवला की कळतं. पुढचं काहीच दिसत नाही. पण याच घाटात जुलै २०१८ मध्ये सहलीला निघालेली बस दरीत जाऊन तीसहून अधिक माणसं गेली, आणि जुलै २०२१ च्या पावसात रस्त्याचे तुकडेच वाहून गेले होते. पावसाळ्यात मी इथे कुणालाही शिकवायला नेत नाही. पोलादपूरला उतरलात की डिस्कच्या जवळ, न टेकवता, हात नेऊन बघा. नुसती ऊब लागली तर तुम्ही घाट नीट उतरलात. धग आली तर दुपारी जेवताना कुठे चुकलं ते आठवा.

पोलादपूरहून महामार्गाने महाड, आणि महाडहून वरंध चढून भोर. म्हणजे एकाच दिवसात आंबेनळी उताराला आणि वरंध चढाला मिळतो. हा क्रम मुद्दाम असा दिलाय. वरंध आंबेनळीपेक्षा अरुंद, काही ठिकाणी समोरून मोटार आली तरी दोघांनी हळू व्हावं लागतं. नवख्याने तो चढताना ओळखून घ्यावा आणि पुढच्या वेळी उतरावा. माथ्यावर वाघजाईच्या देवळाजवळ भजी मिळतात. पुढे नीरा देवघर धरणाच्या काठाने भोरपर्यंतचा रस्ता दिसायला शांत आणि म्हणूनच फसवा. घाट संपला असं वाटून लोक वेग वाढवतात आणि इथली वळणं घाटापेक्षा जास्त आखडतात.

रात्री वरंध करावा का? तुमच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. रात्री वळणापलीकडच्या गाडीचा उजेड आधी दिसतो. दिवसा हॉर्नवर भागवावं लागतं. म्हणून काही मुरलेले ड्रायव्हर रात्रच पसंत करतात. पण त्या उजेडाने फक्त दिवे लावलेली गाडी दिसते. बंद पडलेला ट्रक, तो दगड, रस्त्यावर बसलेली गुरं, खचलेली साइडपट्टी यांना दिवे नसतात. काही झालं तर मोबाइलला रेंज नाही, आणि पहाटेपर्यंत मागून कुणी येईलच असंही नाही. मुरलेला ड्रायव्हर तो रस्ता आधी दिवसा पन्नास वेळा गेलेला असतो, हे तो सांगायचं विसरतो. मोकळा रस्ता हवा असेल तर उजाडताना निघा. डिसेंबरात सातच्या सुमारास घाटात तुम्ही, दूधवाला आणि पहिली एसटी, एवढेच असता.

उरलेले दोन दिवस कसे घालवायचे हे पहिले दोन कसे गेले त्यावर. मागच्या मित्राला उलटी झाली नसेल आणि ब्रेकचे दाब विसाच्या आत आले असतील तर कोल्हापूरकडे जा. गगनबावड्याहून दोन घाट फुटतात, करूळ वैभववाडीकडे आणि भुईबावडा खारेपाटणकडे. एकाने उतरून दुसऱ्याने चढा. एकाच माथ्यावरून निघालेले दोन रस्ते किती निराळे असतात ते बघण्यासारखं आहे. करूळला रहदारी जास्त, भुईबावडा निवांत पण अरुंद. कुंभार्ली मी तुम्हाला सुचवत नाही, आणि गुळाच्या रागाने नाही. चिपळूणकडच्या कारखान्यांचे टँकर आणि ट्रक तिथे सतत असतात, त्यामुळे तुमचा सगळा वेळ कुणाच्या तरी धुरामागे जाईल. आंबा घाट सरळमार्गी. माळशेजला ट्रक आणि धुकं. ताम्हिणी सुंदर, पण शनिवार-रविवारी तिथे गाडी चालवणं म्हणजे वरातीत चालणं. आंबोलीचंही पावसाळ्यात तेच. कुणी विदर्भ-खानदेशातून हे वाचत असेल तर परतवाड्याहून चिखलदरा आणि नंदुरबारकडचं तोरणमाळ विसरू नका. तोरणमाळच्या सातपायरी घाटाबद्दल पुण्या-मुंबईत फारसं कुणी बोलत नाही, आणि तो अजून निवांत आहे तो बहुधा त्यामुळेच.

निघण्याआधी गाडीला काय करायचं, तर फारसं नाही. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदला. तुमची नवी आहे, म्हणून सुटलात. मित्राची गाडी नेणार असाल तर आधी हे विचारा. पॅड किती उरलेत ते बघून घ्या. टायरची हवा गार असताना, पाच माणसांच्या भारासाठी दारावर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. कॅरिअरवर बॅगा शक्यतो लादू नका, उंचावरचं वजन हेअरपिनला गाडी झुकवतं. पायाखाली पाण्याची बाटली घरंगळणार नाही हे बघा. हसू नका, पेडलखाली बाटली अडकलेली मी पाहिली आहे.

धुकं मिळालं, आणि डिसेंबरातल्या सकाळी खोऱ्यात मिळू शकतं, तर लो बीम ठेवा. हाय बीमने समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावून जायची नवी फॅशन आली आहे, ती पाळू नका. मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. चारही इंडिकेटर उभ्या गाडीसाठी.

वरंध पावसाळ्यात बंद ठेवतात आणि नंतरही कामासाठी अधूनमधून अडवतात. नकाशावर मात्र तो खुशाल निळा दिसतो. खात्री करायची माझी पद्धत जुनी आहे. महाडला पोचलो की एसटी स्थानकात जाऊन नियंत्रकाला एवढंच विचारतो की घाटातून भोरची गाडी आज आली का. आली असेल तर तुमचीही जाईल. आली नसेल तर त्याला कारण विचारू नका, तो दहा मिनिटं सांगत बसेल. सरळ ताम्हिणीने परत या, आणि तो दिवस रविवार नाही एवढं बघा.